श्वासाचें माप घेणारा योगी : स्वामी कुवलयानंद

मनुष्य अन्नावांचून कांहीं आठवडे व पाण्यावांचून कांहीं दिवस काढूं शकतो; परंतु श्वासावांचून त्यास पांच-सात मिनिटेंही काढणें कठीण. असें असूनही आपलें सर्वांत कमी लक्ष जर कशाकडे असेल तर तें आपल्या श्वासाकडे. तो सुरळीत चालला असतां त्याची आठवण होत नाहीं. तो अडला म्हणजे मात्र दुसरें कांहींच सुचत नाहीं. या श्वासाच्या अभ्यासांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, आणि तोही अभ्यास केवळ पोथ्या वाचून न करतां क्ष-किरणांचें यंत्र व दाब मोजणाऱ्या नळ्या हातीं घेऊन केला, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

हें चरित्र निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. तो सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या क्रीडादिनीं लांब पल्ल्याच्या शर्यतींत एक विद्यार्थी दुसरा आला. रेषा ओलांडल्यावर प्रथम तो हंसत उभा होता. परंतु चार-पांच मिनिटांनीं तो गुडघ्यांवर हात टेंकून वांकला, त्याच्या छातींतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागला व त्याचा चेहरा उतरला. आम्ही शिक्षक सभोंवतीं जमलों आणि ज्याला जें सुचलें तें तो सांगूं लागला. बहुतेकांचें सांगणें एकच होतें, कीं त्यानें छाती भरून दीर्घ श्वास घ्यावा, म्हणजे प्राणवायु अधिक मिळेल व बरें वाटेल. मुलानें आज्ञाधारकपणें तसें केलें, आणि त्याची घुसमट वाढली. पाऊण तासानें तो हळूहळू सांवरला. पुढें आईवडिलांनीं त्यास डॉक्टरांकडे नेलें तेव्हां कळलें, कीं त्यास धांवण्यानें उठणारा दमा आहे, आणि घरांतील धुळीची ॲलर्जी त्याच्या मुळाशीं आहे. आमचा उपदेश प्रेमाचा होता, पण तो चुकीचा होता. ज्या समजुतीवर तो आधारलेला होता, ती समजूत नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वीं स्वामी कुवलयानंदांनीं मोजमाप करून तपासली होती, व ती टिकत नाहीं असें त्यांनीं प्रांजळपणें प्रसिद्ध केलें होतें. आम्हांस तें ठाऊक नसावें याची आम्हांस लाज वाटली. ती लाज फुकट जाऊं नये म्हणून हा लेख.

स्वामींचें पूर्वाश्रमींचें नांव जगन्नाथ गणेश गुणे असें होतें. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं गुजराथेंत, बडोदें संस्थानांतील डभोई या गांवीं एका मराठी कुटुंबांत झाला. घरची स्थिति बेताची होती व कष्टाचे दिवस लहानपणींच वांट्यास आले. पण अभ्यासांत त्यांनीं कसूर केली नाहीं. १९०३ सालीं ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृत विषयाकरितां असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. ज्यांच्या नांवानें ही शिष्यवृत्ति दिली जाई त्या नाना शंकरशेटांची ओळख गिरगांवच्या वाचकांस करून द्यावयास नको. त्यांच्या नांवाचा रस्ता आजही गिरगांवांतून जातो. मुंबईच्या एका दानशूर पुरुषाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पैशानें दूरच्या डभोईंतील एका गरीब मुलाचें शिक्षण पुढें सरकलें, आणि तोच मुलगा तीस वर्षांनीं मुंबईकरांची सेवा करावयास या शहरांत आला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें बडोद्यास त्यांचें कॉलेजचें शिक्षण झालें. त्या काळीं बडोदें कॉलेजांत अरविंद घोष हे अध्यापक होते, आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीनें तरुणांचीं मनें भारून गेलीं होतीं. आपणही अविवाहित राहून लोकसेवेंत आयुष्य घालवावें असा निश्चय जगन्नाथरावांनीं तरुणपणींच केला व तो अखेरपर्यंत पाळला. परंतु दुबळ्या शरीराच्या लोकांकडून देशाचें काम व्हावयाचें नाहीं, हेंही त्यांना दिसत होतें. म्हणून १९०७ पासून १९१० पर्यंत बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरांत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं त्यांनीं देशी व्यायामाचें रीतसर शिक्षण घेतलें. आमच्या लालबाग-परळच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आजोबांनीं आपापल्या तालमींत ज्या लाल मातींत घाम गाळला, तीच मातीची शिकवण जगन्नाथरावांस मिळाली. शरीर कसें कमवावें हें त्यांनीं तेथें शिकून घेतलें. शरीराच्या आंत काय चाललें आहे हें पाहण्याची जिज्ञासा मात्र अद्याप अतृप्त होती.

त्यानंतर ते खानदेशांत अमळनेरला गेले. तेथें खानदेश शिक्षण संस्थेच्या कामांत ते पडले, हायस्कुलांत व कॉलेजांत त्यांनीं भारतीय संस्कृतीचें अध्यापन केलें, व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. हें महाविद्यालय राष्ट्रीय वृत्तीचें असल्यामुळें त्या वेळच्या सरकारच्या डोळ्यांत सलत होतें, आणि १९२३ सालीं तें बंद पडलें. एखाद्या शिक्षकाच्या आयुष्यांत यापेक्षां मोठा आघात क्वचितच असेल. परंतु जगन्नाथरावांच्या मनांत दुसऱ्या एका कार्याचें बीज त्यापूर्वींच पडलें होतें.

१९१९ सालीं त्यांची गांठ नर्मदाकांठच्या मालसर येथें राहणाऱ्या परमहंस माधवदासजी या वृद्ध बंगाली योग्याशीं पडली. त्यांच्यापाशीं त्यांनीं आसनें, बंध, मुद्रा व प्राणायाम यांचा अभ्यास केला. गुरूवर त्यांची निष्ठा अढळ होती. तथापि शिष्याचें मन शिक्षकाचें होतें. एखादी क्रिया केल्यानें बरें वाटतें हें त्यांना अनुभवानें कळे. परंतु तें कां वाटतें, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीना. योगाविषयीं त्या काळीं दोन प्रकारचे लोक बोलत. एक वर्ग प्रत्येक ऐकीव चमत्कार खरा मानी. दुसरा वर्ग सगळा प्रकार थोतांड म्हणून झिडकारी. दोघांपैकीं कोणीही तपासून पाहण्याचे कष्ट घेत नसे. जगन्नाथरावांनीं ते कष्ट घेण्याचें ठरविलें. १९२०-२१ सालीं बडोद्याच्या इस्पितळांतील प्रयोगशाळेंत आपल्या कांहीं विद्यार्थ्यांच्या साह्यानें त्यांनीं उड्डियानबंध व नौलि या दोन क्रियांचा परिणाम क्ष-किरणांनीं पाहिला. योगाभ्यासाची अशी परीक्षा त्यापूर्वीं क्वचितच कोणीं केली असेल.

अमळनेरचें महाविद्यालय बंद पडल्यावर १९२४ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच सुमारास योगमीमांसा नांवाचें इंग्रजी त्रैमासिक सुरू केलें. स्वामी कुवलयानंद हें त्यांचें नांव पुढें सर्वत्र झालें. संस्थेंत एका बाजूस साधना चाले व दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा. प्रयोगांचे निष्कर्ष, कोष्टकें व क्ष-किरणांचीं छायाचित्रें त्रैमासिकांत छापलीं जात. म्हणजे ज्याला शंका असेल त्यानें तोच प्रयोग आपण करून पाहावा, असें तें उघड आमंत्रण होतें.

येथें श्वास कसा चालतो याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. त्यावांचून स्वामींच्या कार्याची किंमत कळणार नाहीं. आपल्या छातीच्या व पोटाच्या मध्यें घुमटाच्या आकाराचा एक स्नायूंचा पडदा आहे. तो आंखडून खालीं गेला म्हणजे छातींतील जागा वाढते, आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो व हवा आपोआप आंत येते. तो सैल पडून वर आला म्हणजे हवा बाहेर जाते. फुप्फुसांना स्वतःचे असे ओढून घेणारे स्नायु नाहींत. उड्डियानबंधांत सर्व श्वास बाहेर टाकून, हवा आंत न घेतां छाती मात्र फुगवावयाची असते. अशा वेळीं हा पडदा पुष्कळ वर चढतो, हें स्वामींनीं क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दाखविलें. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, हें त्यांनीं दाबमापक नळी लावून सिद्ध केलें. योगी लोक नौलीच्या साह्यानें आंत पाणी ओढून घेतात, या जुन्या प्रसिद्धीचें गूढ त्यामुळें उकललें. त्यांत दैवी कांहीं नसून हवेच्या दाबाचा साधा नियम होता. या निर्वातासारख्या स्थितीला स्वामींनीं आपल्या गुरूचें नांव दिलें. गुरूविषयींचा आदर व सत्याविषयींचा आदर एकाच वेळीं कसा राखावा, याचें हें उदाहरण आहे.

आतां आम्ही त्या समजुतीकडे वळतों. प्राणायामांत दीर्घ श्वास घेतल्यानें शरीरास नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक प्राणवायु मिळतो व म्हणून तो हितकर आहे, असें त्या काळचे पुष्कळ लेखक लिहीत. स्वामी स्वतः प्राणायामाचे प्रचारक होते. ही समजूत तशीच चालूं देणें त्यांच्या सोईचें होतें. परंतु त्यांनीं हवेचें पृथक्करण करून पाहिलें, आणि आढळलें तें उलटच. प्राणायामांत एकेक श्वास मोठा असला तरी मिनिटांतील श्वासांची संख्या फार कमी होते. त्यामुळें घेतला जाणारा प्राणवायु साध्या श्वसनापेक्षां अधिक भरत नाहीं, किंबहुना कमीच भरतो. हा निष्कर्ष त्यांनीं लपविला नाहीं. प्राणायामाची थोरवी प्राणवायूच्या सांठ्यांत नसून छाती-पोटांतील दाबांच्या फेरफारांत व मज्जासंस्थेवर येणाऱ्या ताब्यांत शोधावी, असें त्यांनीं आपल्या वाचकांस सांगितलें. आपल्याच पक्षाचा एक लाडका मुद्दा स्वतःच्या हातानें खोडून काढणें सर्वांस साधतें असें नाहीं.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. बसल्या जागीं निरोगी प्रौढ मनुष्य एका श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा घेतो. मिनिटास १२ श्वास धरले तर ६ लिटर हवा होते. आतां मिनिटास २ च श्वास, पण प्रत्येक ३ लिटरांचा, असें धरलें तरी एकूण हवा ६ लिटरच होते. याउलट कोणी भ्याल्याप्रमाणें पाव लिटराचे २४ उथळ श्वास घेतले, तरीही बेरीज ६ लिटरच. मात्र प्रत्येक श्वासांतील सुमारें १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेंतच राहते व तिचा रक्ताशीं संबंध येत नाहीं. म्हणून १२ श्वासांत ४ लिटर २०० मिलिलिटर हवा उपयोगीं पडते, तर २४ उथळ श्वासांत केवळ २ लिटर ४०० मिलिलिटर. म्हणजे धापा टाकण्यापेक्षां संथ श्वास बरा, हें खरें. परंतु निरोगी मनुष्याच्या फुप्फुसांतून निघणाऱ्या रक्तांत प्राणवायु मुळांतच शेंकडा ९५ ते ९८ भरलेला असतो. भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतून काय उपयोग? आपण आंत घेतों त्या हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो व बाहेर टाकतों तींतही शेंकडा १६ भाग शिल्लक असतो. शरीर आपल्या गरजेपुरतें घेतें व उरलेलें परत करतें.

सत्यशोधनांत एकाचें माप दुसऱ्यानें पुन्हां घ्यावें लागतें. अमेरिकेंतील येल विद्यापीठांतून कोवूर बेहनन नांवाचे एक भारतीय संशोधक लोणावळ्यास स्वामींकडे आले, योगाभ्यास शिकले, व पुढें त्यांनीं स्वतःच्या शरीरावर मापें घेतलीं. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत प्राणायाम चालूं असतां प्राणवायूचा खर्च वाढल्याचे आंकडे आहेत. उज्जायींत ही वाढ शेंकडा २४.५ होती. वरवर पाहतां हा स्वामींच्या निष्कर्षाशीं विरोध वाटतो. परंतु श्वासाच्या स्नायूंनीं अधिक काम केलें तर अधिक प्राणवायु खर्च व्हावा हें स्वाभाविक आहे. खर्च वाढला म्हणून सांठा वाढला असें होत नाहीं. शिष्यानें गुरूहून निराळा आंकडा छापावा व त्यांत कोणाचा अपमान होऊं नये, अशी ही विद्येची परंपरा स्वामींनीं आपल्या आश्रमांत रुजविली.

१९३२ सालीं स्वामींनीं मुंबईंत सांताक्रूझ येथें कैवल्यधामाची शाखा उघडली. १९३६ सालीं ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर आली व ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नांवानें प्रसिद्धीस आली. चर्नीरोड स्टेशनावरून समुद्राकडे उतरलें म्हणजे तारापोरवाला मत्स्यालयाच्या शेजारची ती इमारत आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. ज्या शहरांत ही शाखा आली तें शहर त्या वेळीं गिरण्यांच्या धुराड्यांचें होतें. परळ, लालबाग, शिवडी या भागांत सकाळच्या भोंग्याबरोबर हजारों माणसें कापसाच्या तंतूंनीं भरलेल्या हवेंत कामास उभीं राहत. कापसाची धूळ वर्षानुवर्षें छातींत गेल्यानें एक विशिष्ट रोग होतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशीं छाती आवळल्यासारखी होणें हें त्याचें लक्षण. १९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व त्या जागीं उंच इमारती उठल्या. कापसाच्या धुळीची जागा बांधकामाच्या धुळीनें व मोटारींच्या धुरानें घेतली. मुंबईकराच्या श्वासापुढची अडचण गेली नाहीं, तिनें फक्त रूप पालटलें.

स्वामींचें लक्ष केवळ रोग्यांकडे नव्हतें. शाळकरी मुलांचें शरीर घडवावें ही त्यांची जुनी तळमळ. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनीं काम केलें, व एकाच वेळीं शेंकडों मुलांस तालावर करतां येईल असा यौगिक संघव्यायाम रचून शाळांस दिला. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेलीं आसन व प्राणायाम या विषयांवरील त्यांचीं इंग्रजी पुस्तकें दूरवर वाचलीं गेलीं. १९२७ सालीं महात्मा गांधी आजारी असतां त्यांनीं स्वामींशीं पत्रव्यवहार करून आसनांविषयीं सल्ला घेतला होता. एवढा लौकिक होऊनही स्वामींच्या शिकवण्यांत सावधगिरी अधिक व बढाई कमी असे. नवशिक्यानें श्वास कोंडून धरण्याच्या मागें लागूं नये. जेवढ्या वेळांत श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळांत तो सोडावा. आणि कोठेंही ओढाताण होऊं देऊं नये, हें त्यांचें धोरण होतें. श्वास घेण्यापेक्षां सोडण्याकडे अधिक लक्ष देणारी ही शिकवण आम्हांस त्या क्रीडादिनीं ठाऊक असती तर किती बरें झालें असतें!

स्वराज्य मिळाल्यानंतरही त्यांचें काम थांबलें नाहीं. १९५१ सालीं लोणावळ्यास योगाच्या शिक्षणाकरितां गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नांवाचें महाविद्यालय निघालें. १९६१ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, स्वामींनीं तेथेंच यौगिक रुग्णालय उघडलें. जुनाट विकारांनीं पीडलेले लोक तेथें येत, व त्यांत दम्याचे रोगीही असत. दमेकऱ्यांवर यौगिक उपचारांचा काय परिणाम होतो याचें संशोधन संस्थेनें हातीं घेतलें, व स्वामींच्या पश्चात त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें पुढें चालविलें. १८ एप्रिल १९६६ रोजीं लोणावळ्यास स्वामींचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ८२ वर्षांचें होतें. त्यांनीं सुरू केलेलें योगमीमांसा आजही निघतें.

आतां स्वामींच्या नंतर जें अधिक कळलें आहे तें सांगून, त्या विद्यार्थ्याच्या प्रसंगाकडे आम्ही परत येतों. २००४ पासून मुंबईंत बहुतेक वर्षीं जानेवारींत मॅरेथॉन शर्यत होते व मरीन ड्राइव्हवरून हजारों धांवपटू जातात. बसल्या जागीं मिनिटास ६ लिटर हवा पुरते; कसलेल्या धांवपटूस शर्यतींत १०० लिटरांहूनही अधिक लागते. एवढी हवा नाकांतून जाऊं शकत नाहीं, म्हणून तो तोंडानें श्वास घेतो. नाक हें नुसतें छिद्र नाहीं. तें हवा गाळतें, ऊबदार करतें व ओलसर करतें. तोंडानें जाणारी हवा या संस्कारांवांचून खोल जाते, आणि तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण व बुरशीचे कणही पुष्कळ अधिक जातात. श्वासनलिकांचें अस्तर कोरडें पडतें. ज्यांच्या नलिका मुळांत हळव्या असतात त्यांच्या नलिकांचे स्नायु आंखडतात व वाट अरुंद होते. हा त्रास पुष्कळदां धांवतांना न होतां थांबल्यावर पांच-दहा मिनिटांनीं होतो व अर्ध्या-एक तासांत ओसरतो. लांब पल्ल्याचे धांवपटू, सायकलपटू व जलतरणपटू यांच्यांत हा विकार इतर लोकांपेक्षां अधिक आढळतो. मोठमोठे विजेतेही त्यांतून सुटलेले नाहींत.

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याची चूक. निरुपद्रवी कणास तो शत्रु समजतो व त्याच्याशीं लढतांना आपलेंच घर सुजवितो. मुंबईसारख्या दमट शहरांत अंथरुणांतील धुळींत राहणारे सूक्ष्म किडे, भिंतीवरची बुरशी व झुरळें हीं याचीं नेहमींचीं कारणें आहेत. पावसाळ्यांत ओल वाढते. हिंवाळ्यांत वारा मंदावून सकाळची हवा धुरानें जड होते. आणि आमच्या शर्यती नेमक्या हिंवाळ्यांतील सकाळींच होतात.

दमा उठला म्हणजे मुख्य अडचण हवा आंत घेण्याची नसून ती बाहेर सोडण्याची असते. अरुंद नलिकांतून जुनी हवा निघत नाहीं व फुप्फुसें फुगलेलींच राहतात. अशा मुलास छाती भरून श्वास घ्यावयास सांगणें म्हणजे भरलेल्या खोलींत आणखी माणसें कोंबणें होय. त्या दिवशीं आम्ही नेमकें तेंच केलें. अशा वेळीं मुलास ताठ बसवावें, त्यास धीर द्यावा, ओंठ किंचित् मिटून सावकाश श्वास सोडूं द्यावा, डॉक्टरांनीं दिलेलें तोंडांत ओढावयाचें औषध ताबडतोब द्यावें, आणि आराम न पडल्यास किंवा ओंठ निळसर दिसूं लागल्यास क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें.

पालकांस आमची विनंति आहे. मूल धांवल्यावर खोकूं लागतें, खेळांतून मागें राहतें, रात्रीं छातींत घरघर होते, हें पाहून त्यास आळशी किंवा नाजूक ठरवूं नये. परळच्या के. ई. एम. सारख्या सार्वजनिक रुग्णालयांत नळींत फुंकर मारवून श्वासाचें माप घेतात, तें घेववावें. दम्याचें ओढावयाचें औषध घेतल्यानें संवय जडते व ती लाजिरवाणी गोष्ट आहे, ही समजूत आमच्या चाळींतून अद्याप गेलेली नाहीं; तिच्यापायीं कित्येक मुलें विनाकारण कष्ट भोगतात. संथ श्वसनाचा अभ्यास दमेकऱ्यास उपयोगी पडतो, त्याची भीति व घुसमट कमी करतो, हें अलीकडच्या परीक्षणांत दिसून आलें आहे. परंतु नलिकांची सूज त्यानें जात नाहीं, म्हणून तो औषधाची जागा घेऊं शकत नाहीं. जो मनुष्य स्वतःच्या प्रिय विषयाचीही परीक्षा घेतल्यावांचून राहिला नाहीं, त्याच्या नांवानें कोणी औषध फेंकून देण्याचा सल्ला दिला, तर तो त्यास न्याय होणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, दमा असलेल्यानें खेळूं नये असें मात्र समजूं नका. शर्यतीपूर्वीं दहा-पंधरा मिनिटें हळूहळू धांवून शरीर तापवावें, डॉक्टरांनीं सांगितलें असल्यास औषध आधीं घ्यावें, धुरकट सकाळीं जोराचा सराव टाळावा, आणि छाती आवळूं लागली तर संकोच न करतां शिक्षकांस सांगावें. आमचा तो विद्यार्थी आतां औषध नियमानें घेतो, सायंकाळीं संथ श्वसन करतो व पुन्हां धांवूं लागला आहे. यंदाच्या शर्यतींत त्याचा क्रमांक कितवा लागला, हें आम्हांस फारसें महत्त्वाचें वाटलें नाहीं. शर्यत संपल्यावर तो शांतपणें श्वास घेत उभा होता, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

स्वामी कुवलयानंदांच्या चरित्रापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे : गरिबींतील विद्याभ्यास, शरीराची जोपासना, निष्कलंक ब्रह्मचर्य, अखंड उद्योग. परंतु आम्ही शिक्षकांनीं त्यांतून जो धडा घेतला तो एकच आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठीं बोलावयाचें असेल तर आपलें बोलणें खरें आहे कीं नाहीं हें आधीं तपासून पाहावें. कारण श्वास अडलेल्या मुलास आमच्या प्रेमाइतकीच आमच्या अचूकपणाचीही गरज असते.